एकाधिकार, काटकसर आणि मक्ता : वऱ्हाडातील कापूस खरेदीचा एक अभ्यास

शासनाने एखादे काम स्वतः करावे की दुसऱ्याकडून करवून घ्यावे, हा प्रश्न तिजोरीत पैसा असताना फारसा कुणाला सुचत नाही. ओढाताण सुरू झाली, की मात्र तो प्रत्येक कार्यालयात विचारला जातो. रिक्त जागा भरावयाच्या नाहीत, वाहन विकत घ्यावयाचे नाही, सफाई, सुरक्षा, टंकलेखन ही कामे बाहेरून करून घ्यावयाची, अशी परिपत्रके निघू लागतात. अशा वेळी परदेशातील दाखले देण्याचा प्रघात आहे. अमरावती-अकोल्याच्या वाचकाला तितके दूर जाण्याचे कारण नाही. खरेदी, काटकसर आणि मक्ता या तिन्ही गोष्टींचा पन्नास वर्षांहून अधिक काळाचा अनुभव त्याच्या दारात, कापसाच्या खरेदी केंद्रावर, साठलेला आहे.

तसे पाहिले तर हा अनुभव त्याहूनही जुना आहे. आज वाशिम जिल्ह्यात आणि १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ स्थापन झाली. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या अमलाखाली होते. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध आणि योग्य वजनाचा कापूस हवा होता, हा या कायद्यामागील हेतू कोणी लपविलेला नाही. वजनकाटा, हमाली, दलाली यांना नियम लागले, ही त्याची जमेची बाजू. बाजाराच्या मंडळावर व्यापाऱ्यांचा वरचष्मा राहिला, ही उणीव. नियम करणारा आणि नियमाखाली येणारा एकच असला म्हणजे काय होते, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याने तेव्हापासून पाहिले आहे. ‘कडता’ हा शब्द त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकावा लागला नाही.

योजनेची मूळ मांडणी

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र विधिमंडळाने १९७१ साली कच्चा कापूस खरेदी, प्रक्रिया व पणन याविषयीचा कायदा संमत केला आणि १९७२-७३ च्या हंगामात एकाधिकार कापूस खरेदी योजना अमलात आली. खाजगी व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कापूस घ्यावयाचा नाही आणि शेतकऱ्यानेही तो केवळ शासनाच्या केंद्रावर द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. अंमलबजावणी प्रथम राज्य सहकारी पणन महासंघाकडे होती. १९८४ साली त्यासाठी महाराष्ट्र राज्य सहकारी कापूस उत्पादक पणन महासंघ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

योजनेची आर्थिक रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. पुढे काय बिघडले याचे उत्तर तिच्यातच सापडते. कापूस केंद्रावर आला, की ग्रेडर त्याची प्रत ठरवी आणि त्या प्रतीचा हमी दर शेतकऱ्याच्या नावे पडे. त्यातून ३ टक्के रक्कम भांडवल निर्मिती निधीसाठी कापली जाई. मग कापसाचे जिनिंग-प्रेसिंग होई. रुईच्या गाठी आणि सरकी यांची विक्री महासंघ करी. सर्व खर्च वजा जाता काही शिल्लक राहिली, तर तिचा पाऊण हिस्सा शेतकऱ्याला अंतिम दराच्या रूपाने मिळे आणि उरलेला पाव हिस्सा किंमत चढउतार निधीत जमा होई. वाईट वर्षी या निधीचा टेकू घ्यावयाचा, अशी कल्पना होती. चांगल्या वर्षाने वाईट वर्षाला सांभाळावे, हा शेतकऱ्याच्या घरातील कणगीचाच हिशेब येथे कायद्याच्या भाषेत मांडलेला होता.

येथे एक बाब सहसा नजरेतून सुटते. ज्याला आपण शासनाची संपूर्ण मक्तेदारी म्हणतो, तिच्यातही मधले काम मक्त्यानेच चाले. महासंघाकडे स्वतःचे जिनिंग कारखाने अत्यल्प होते. खाजगी मालकीच्या व सहकारी कारखान्यांना ठराविक दराने कापूस पिंजून, गाठी बांधून देण्याचे काम दिले जाई. शासनाकडे राही ते मोजमाप, प्रतवारी, पैसा आणि विक्री. कोणते काम बाहेर द्यावे आणि कोणते हाती ठेवावे, याची ही विभागणी त्या काळी पुष्कळ विचाराने झालेली दिसते. यंत्र कुणाचेही चालेल, काटा आणि प्रत मात्र शासनाच्या माणसाच्या हाती असावी, असा तिचा अर्थ होता.

ग्रेडर हा त्यामुळे योजनेचा कणा ठरला. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस, मागाहून आलेली फरदड आणि किडकी कवडी यांतील फरक हातात घेताच ओळखणारा माणूस एका हंगामात तयार होत नाही. त्याच्याविषयी तक्रारीही झाल्या. शेजाऱ्याचा कापूस वरच्या प्रतीत गेला आणि आपला खाली आला, हे गाऱ्हाणे प्रत्येक केंद्रावर ऐकू येई आणि त्यांतील काही खरीही असत. परंतु तक्रार कोणाकडे करावयाची हे शेतकऱ्याला ठाऊक होते, ही गोष्टही नोंदविली पाहिजे.

ढासळण्याची कारणे

योजना बुडाली ती केवळ भ्रष्टाचाराने, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. पहिले कारण भूगोलात होते. एकाधिकार महाराष्ट्रापुरता आणि कापूस तर देशभर पिकणारा. बाहेर भाव चढला, की येथील माल रात्रीतून पांढुर्णा, बऱ्हाणपूर, आदिलाबादकडे जाई. येथील हमी दर वरचढ असला, की उलट दिशेने येई. म्हणजे तेजीत महासंघाला माल मिळत नसे आणि मंदीत नको तितका मिळे. असा व्यापार करणारा कोणताही व्यापारी, तो शासकीय असो वा खाजगी, तोट्यातच जाणार. सीमेवरील नाके वाढवून हा प्रश्न सुटला नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने झोनबंदीविरुद्ध आवाज उठविला तो याच मुद्द्यावर.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. शिल्लक उरली तर वाटावयाची, हा मूळ नियम. १९९० च्या दशकात त्याची जागा ‘अग्रिम बोनस’ने घेतली. माल विकला जाण्यापूर्वी, किंबहुना काही वेळा तो केंद्रावर येण्यापूर्वीच, वाढीव रक्कम जाहीर होऊ लागली. विक्रीत नफा झाला नाही, तरी दिलेला बोनस परत घेता येत नाही. चांगल्या वर्षी निधीत भर पडावयाची ती थांबली आणि वाईट वर्षी टेकू उरला नाही. महासंघ राज्य शासनाच्या हमीवर कर्ज काढी, त्यामुळे तोटा अखेर राज्याच्या तिजोरीवर आला. तो हजारो कोटींच्या घरात गेला. गंमत अशी, की या निर्णयाला सभागृहाच्या कोणत्याही बाजूने फारसा विरोध झाला नाही. हमी देताना अंदाजपत्रकात एक पैसाही खर्ची पडत नाही, म्हणून ती फुकट वाटते.

अंदाजपत्रकाच्या शिस्तीचा विचार महाराष्ट्रात झालाच नव्हता, असेही नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६-८७ मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग या राज्याने देशात प्रथम केला. मागील वर्षाच्या आकड्यात थोडी भर घालून नवे वर्ष काढावयाचे नाही, तर प्रत्येक योजनेने आपल्या अस्तित्वाचे समर्थन दरवर्षी नव्याने करावयाचे, असे त्याचे सूत्र होते. पण हमी ही खर्चाच्या स्तंभात दिसत नसल्याने तिची अशी तपासणी कोणी करणार नव्हते. शून्यापासून मोजणी झाली ती फायलींची. कर्जाची हमी मोजणीबाहेरच राहिली.

१९९९ अखेर राज्याच्या वित्तीय स्थितीवर श्वेतपत्रिका निघाली. पाचव्या वेतन आयोगाचा भार, वाढते व्याज आणि अशा हमींचे ओझे यांनी राज्य वाकले होते. केंद्रावर कापूस देऊन आलेल्या शेतकऱ्याचे चुकारे लांबू लागले. घरात लग्न ठरलेले असावे आणि चुकाऱ्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागावेत, हे त्या वर्षांत असंख्य कुटुंबांच्या वाट्याला आले. २००२ च्या हंगामात शासनाने खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची वाट मोकळी केली आणि एकाधिकार संपला. मागे राहिला तो कायद्यातील शब्द.

माघार कशी घेतली गेली

सुधारणा करावी की नाही, याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही. ती अटळ होती. ती कोणत्या क्रमाने झाली, याचा अभ्यास मात्र केला पाहिजे. २००४-०५ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या वर्षी, महासंघाने लांब धाग्याच्या कापसास क्विंटलला २,५०० रुपये दिले. केंद्राची आधारभूत किंमत त्या वर्षी १,९६० रुपये होती. पुढच्या हंगामात ५०० रुपयांचा अग्रिम बोनस काढून घेण्यात आला. तिजोरीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण तो कळला तेव्हा बियाणे, खत आणि फवारणी यांवरील खर्च २,५०० च्या आशेवर होऊन गेलेला होता. काटकसरीचा निर्णय पेरणीपूर्वी कळणे आणि पेरणीनंतर कळणे यांत कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने अख्ख्या वर्षाचे अंतर असते.

त्या काळातील शेतकरी आत्महत्यांची कारणे अनेक आहेत आणि एका निर्णयाच्या माथी ती सर्व मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि भाव, कर्ज आणि नापिकी यांचा फास एकाच वेळी आवळला गेला, हे नाकारता येत नाही. वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशनचे कार्यालय अमरावतीस उघडले. २००६ च्या जुलैच्या आरंभी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. बोनसमध्ये जे वाचले आणि नंतर साहाय्यावर जे खर्चावे लागले, यांचा ताळेबंद एकाच कागदावर मांडण्याचा उद्योग अर्थशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने अवश्य करावा.

आजची व्यवस्था

आज आधारभूत किमतीने खरेदी करण्याची जबाबदारी केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाकडे, म्हणजे १९७० साली स्थापन झालेल्या सीसीआयकडे आहे. एकाधिकार सुटल्यानंतर महासंघाने जी खरेदी केली, ती बहुतांशी सीसीआयचा किंवा नाफेडचा उपअभिकर्ता म्हणून. एके काळी ज्याच्या नावावर कायदा होता, त्याने आता मेहनतान्यावर दुसऱ्याचे काम करावयाचे, असा हा बदल आहे. सीसीआयही कापूस पिंजून घेते ती निविदा मागवून ठरविलेल्या खाजगी जिनिंग कारखान्यांकडून, आणि बहुतेक केंद्रे त्याच कारखान्यांच्या आवारात भरतात.

निविदा म्हटली, की सर्वांचे लक्ष दराकडे जाते. कापसाच्या बाबतीत खरा पैसा दरात नसतो. तो उताऱ्यात असतो. शिक्षकांना हे उदाहरण वर्गात देता येईल. शंभर क्विंटल कापसातून साधारणतः ३३ ते ३४ क्विंटल रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. समजा, एका कारखान्याकडे हंगामात एक लाख क्विंटल कापूस गेला आणि कागदोपत्री उतारा ३४ ऐवजी ३३ टक्के दाखविला गेला. फरक अवघा एका टक्क्याचा. पण ती रुई एक हजार क्विंटल भरते आणि १७० किलोच्या गाठीने तिच्या सुमारे ५८८ गाठी होतात. पिंजाईच्या दरात क्विंटलमागे दोन-चार रुपये वाचविल्याचे समाधान मानणारा खरेदीदार येथे किती गमावून बसतो, हे विद्यार्थी रुईचा चालू भाव घेऊन स्वतः काढू शकतील. म्हणूनच अशा करारात उताऱ्याची आणि घटीची मर्यादा लिहून घ्यावी लागते आणि ती तपासणारा जाणता माणूस आपल्या बाजूला असावा लागतो.

आणि नेमका तोच माणूस कमी होत गेला. ग्रेडर निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत. वेतनाच्या स्तंभात यामुळे बचत दिसली. तिची किंमत २०२० च्या उन्हाळ्यात कळली. टाळेबंदीमुळे खरेदी थांबली होती, खाजगी व्यापारी मिळेल त्या भावाने माल मागत होता आणि घराघरांत कापूस पडून होता. केंद्रे पुन्हा उघडली, तेव्हा दिवसाला मोजक्याच गाड्या घेतल्या जात. ग्रेडरची चणचण हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पावसाळा तोंडावर आलेला. त्याच सुमारास, ४ मे २०२० रोजी, वित्त विभागाने विकास कार्यक्रमांवरील खर्च ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि आरोग्यासारखे अपवाद सोडून नवीन पदभरतीस मनाई केली. त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता, हे मान्य करावे लागेल. पण वीस वर्षे थोडी थोडी केलेली बचत आणि एका महिन्यात पडलेली निकड यांची गाठ अशी पडते.

मक्त्याने काम देताना मालमत्ता एकाची, चालवणारा दुसरा आणि दुरुस्ती कोणाचीच नाही, असे झाले तर काय घडते, याचे स्मारकही वऱ्हाडातच आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ खास कापसासाठी टाकलेली. रूळ किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीशी निगडित कंपनीचे, गाड्या प्रथम जीआयपी रेल्वेच्या आणि नंतर मध्य रेल्वेच्या. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. मार्ग खचत गेला तसा गाडीचा वेग बैलगाडीशी स्पर्धा करू लागला आणि गेल्या काही वर्षांत ती थांबली. करार मात्र शतकभर टिकला.

ग्रामपंचायतीच्या दारात

पंचायत सदस्यांना वाटेल, की हे मोठ्या संस्थांचे प्रश्न आहेत. तसे नाही. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील संगणक परिचालकाकडे पाहावे. २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पात आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने ही सेवा कंपनीमार्फत घेण्यात आली. ग्रामपंचायतीने आपल्या वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,३३१ रुपये भरावयाचे, असे ठरले. त्यांपैकी परिचालकाचे मानधन आरंभी ६,००० रुपये होते. उरलेले ६,३३१ रुपये साहित्य, देखभाल, प्रशिक्षण आणि व्यवस्थापन यांसाठी. मानधन वेळेवर मिळत नाही म्हणून परिचालकांनी वारंवार आंदोलने केली. त्यांचा मालक कोण, हा प्रश्न त्या प्रत्येक वेळी निघाला. ग्रामपंचायत म्हणे, पैसे भरले; कंपनी म्हणे, सर्व ग्रामपंचायतींचे आले नाहीत. सातबारापासून जन्मदाखल्यापर्यंत ज्याच्या बोटांवर गाव अवलंबून, त्याच्या पगाराचा धनी मात्र सापडत नव्हता.

हा आक्षेप मक्त्याच्या पद्धतीवर नसून करारावर आहे. उरलेल्या ६,३३१ रुपयांत शाई किती आली, कागद किती आला, यंत्र किती दिवसांत दुरुस्त झाले, याची नोंद मासिक सभेपुढे ठेवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला होता. ज्या ग्रामपंचायतीने नोंदवही ठेवली, तिला निदान बोलता तरी येत होते.

वस्तूंच्या खरेदीबाबत राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली आणि पुढच्या वर्षी केंद्राच्या ‘जेम’ या संगणकीय बाजारपेठेचा स्वीकार केला. संगणकावर दर दिसू लागले, स्पर्धा वाढली, हे चांगलेच झाले. मात्र काय विकत घ्यावयाचे, हे संगणक सांगत नाही. विनिर्देश, म्हणजे वस्तूचे नेमके वर्णन, हे गरज असणाऱ्यानेच लिहावे लागते आणि आपल्याकडे ते पुष्कळदा विक्रेत्याच्या पत्रकावरून उतरवून घेतले जाते.

एक छोटे उदाहरण घेऊन पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये ठरली. ती पूर्ण मिळते ८ टक्के ओलाव्यास. पुढे प्रत्येक टक्क्यास एक टक्का कपात. १२ टक्क्यांस ७,७८५ रुपये ६० पैसे. त्यापुढे माल परत. म्हणजे वीस क्विंटलच्या गाडीमागे ६,४८८ रुपयांचा फरक केवळ ओलाव्याचा. आता नोंदणीही ‘कपास किसान’ या भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे होते, दिवस ठरवून मिळतो आणि चाळीस किलोमीटर गाडी नेऊन माल परत आणावा लागला, तर भाडे अंगावर पडते. गावच्या सेवा सहकारी संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने एक ओलावामापक यंत्र घेतले, तर गाडी भरण्यापूर्वीच शेतकऱ्याला कळेल, की कापूस आणखी दोन दिवस उन्हात टाकावा.

या खरेदीचा विनिर्देश लिहावयाचा झाल्यास त्यात पुढील बाबी याव्यात. यंत्र धान्याचे नसून कापसासाठी असावे. त्याची मापनकक्षा निदान ५ ते २० टक्के असावी. दरवर्षी हंगामापूर्वी, म्हणजे सप्टेंबरात, त्याची अचूकता तपासून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची असावी आणि दुरुस्तीची सोय अमरावती किंवा अकोला येथे असावी, मुंबईस नव्हे. देयकाचा काही भाग पहिली तपासणी पार पडेपर्यंत राखून ठेवावा. यंत्र कोणाच्या ताब्यात राहील आणि वापराची नोंद कोण ठेवील, त्याचे नाव ठरावातच घालावे.